ध्रुवांवरच्या उंच हवेतील लहरी : निरीक्षणाची पार्श्वभूमी

१८८५ च्या उन्हाळ्यात युरोपात सूर्यास्तानंतरही चमकत राहणारे रुपेरी ढग दिसले. बर्लिनच्या ऑटो येसे यांनी दोन ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रे घेऊन त्यांची उंची काढली : सुमारे ८२ किलोमीटर. या ढगांवर ओल्या वाळूवर असतात तशा वळ्या दिसतात. या वळ्या म्हणजे हवेतल्या लहरी, ज्यांना गुरुत्व तरंग म्हणतात. त्यांचे नीट गणित कॉलिन हाइन्स यांनी कॅनडात १९६० मध्ये मांडले. डोंगर, वादळे यांमुळे ढवळलेली हवा वरखाली हिंदकळते. उंचीबरोबर हवा विरळ होते तशी लहर मोठी होत जाते आणि शेवटी फुटते.

खरा पेच तापमानाचा होता. उन्हाळ्यात ध्रुवावर २४ तास ऊन, तरी ८५–९० किलोमीटरवर उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी; हिवाळ्यातल्या अंधारात मात्र तीच हवा कितीतरी उबदार. १९८१ मध्ये रिचर्ड लिंडझेन यांनी दाखवले, की फुटणाऱ्या लहरी तिथल्या वाऱ्याला अडवतात. या अडवणुकीने उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढते आणि प्रसरण पावून गार होते. तेव्हापासून लहरी मोजणे अटळ झाले.

सर्वात स्वस्त मार्ग कॅमेऱ्याचा. ८७ किलोमीटरच्या आसपास हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एकेक अणू) रेणूंचा मंद प्रकाश असतो. सगळे आकाश टिपणारी फिशआय लेन्स, फिल्टर आणि थंड केलेला सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) वापरून काही सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्यातल्या लहरी टिपता येतात. कोल्हापूरच्या अशा कॅमेऱ्यात ऑक्सिजनच्या प्रकाशाची ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषाही कामी येते. अंटार्क्टिकात ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) त्याच रेषेत उजळतो आणि लहरी बुडून जातात. म्हणून तिथे भर हायड्रॉक्सिलच्या अवरक्त पट्ट्यांवर. चित्रातले तारे काढून, चित्र सपाट नकाशावर पसरवूनच तरंगलांबी मोजावी. नाहीतर कडेला ती चुकते. वाऱ्यामुळे लहरीचा दिसणारा आवर्तकाळ बदलतो, त्यामुळे त्या उंचीवरचा वारा ठाऊक नसेल तर अर्धेच काम होते. शिवाय प्रकाशाचा थर सुमारे ८ किलोमीटर जाड, त्यामुळे कमी उभ्या तरंगलांबीच्या लहरी त्यात पुसल्या जातात.

उन्हाळ्यात उजेडामुळे कॅमेरा बंद. ती उणीव रडारने भरते. अंटार्क्टिकातल्या जपानच्या स्योवा तळावरचे ‘पॅन्सी’ रडार ४७ मेगाहर्ट्झवर १०४५ अँटेनांनी चालते. उन्हाळ्यात विद्युतभारित बर्फकणांमुळे त्याला ८५ किलोमीटरच्या आसपासून जोरदार प्रतिध्वनी मिळतात. हिवाळ्यात ते क्षीण आणि तुटक असतात.