इलेक्ट्रॉनिक एअर रायफलीच्या चापाला काय कळायला हवे?

१० मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे याच प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. एवढा बारीक नेम साधताना बोटाच्या ओढीने रायफल हलू नये, यासाठी नेमबाज चापाचा (ट्रिगरचा) भार, म्हणजे तो सुटायला लागणारा बोटाचा दाब, जमेल तेवढा कमी ठेवतात. एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम भाराचे बंधन आहे. एअर रायफलीला तसे बंधन नाही.

यांत्रिक चापात बोटाच्या दाबाने खटका सुटतो, स्प्रिंगच्या जोरावर हातोडी पुढे जाते आणि तिच्या आघाताने हवेची झडप उघडते. इलेक्ट्रॉनिक चापात बोट फक्त संवेदकाला सूचना देते व झडप उघडण्याचे पुढचे काम सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या प्रवाहाने चालणारे चुंबकीय वेटोळे, करते. एकमेकांवर घासणारे भाग कमी असल्याने असा चाप दीर्घकाळ एकसारखा चालतो. मात्र हलका चाप आणि सुरक्षितता यांतला जुना विरोध त्यामुळे मिटत नाही. समजा, चापाचे पाते ५ ग्रॅम वजनाचे आहे आणि चाप ४० ग्रॅम भाराला सुटतो. रायफल टेबलावर आपटून त्या पात्याला क्षणभर गुरुत्वाच्या दहापट धक्का बसला, तर केवळ जडत्वामुळे संवेदकावर ५० ग्रॅम भार येईल आणि बोट न लागताच छर्रा सुटू शकेल. छर्र्याची ऊर्जा जेमतेम ७-८ ज्यूल असली, तरी डोळा जायला तेवढी पुरेशी आहे.

यावर मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे रायफलीत छोटा त्वरणमापक, म्हणजे धक्का मोजणारा संवेदक, बसवणे. आपटण्याचा धक्का काही सहस्रांश सेकंदांत ओसरतो, तर बोटाचा दाब त्या मानाने सावकाश चढत जातो. हा फरक ओळखून धक्क्याच्या क्षणी सोलेनॉइडचा प्रवाह रोखता येईल. दुसरी अट लोडिंग लिव्हरची, म्हणजे छर्रा भरताना उघडायच्या दांड्याची असावी: तो पूर्ण बंद असल्याची खात्री स्वतंत्र संवेदकाने दिल्याशिवाय झडप उघडूच नये. छर्रा भरला आहे की नाही हे सांगणारा दिवाही उपयोगी ठरेल, पण तो सेफ्टी फ्लॅगची जागा घेऊ शकत नाही. नळी रिकामी असल्याचे दाखवणाऱ्या त्या भडक रंगाच्या दोरीला बॅटरी लागत नाही, हा तिचा फार मोठा गुण आहे.

रायफलीच्या हवेच्या सिलिंडरकडे अधिक लक्ष द्यायला हवे. त्यात साधारण २०० बार (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट) दाबाची हवा असते आणि अनेक उत्पादक त्याला दहा वर्षांची वापरमर्यादा घालून देतात. २५ अंश सेल्सिअसला २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ६५ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे २२७ बार होतो; नागपूरच्या मे महिन्यात ही अवस्था काल्पनिक मानता येणार नाही. दाब, तापमान आणि मुदतीची तारीख एकाच छोट्या पडद्यावर दिसली, तर क्लबमधल्या सामाईक रायफलींच्या बाबतीत कुणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागणार नाही.

बॅटरी मोबाइलच्या साध्या चार्जरवर भरता यावी आणि उरलेले शॉट आकड्यात दिसावेत, या सोयी सहज शक्य आहेत. बॅटरी संपली तर झडप बंदच राहिली पाहिजे. हवा न सोडता सराव करण्याची, म्हणजे ड्राय फायरची सोय अनेक इलेक्ट्रॉनिक रायफलींत असतेच. परंतु सरावाची आणि प्रत्यक्ष फायरिंगची अवस्था रंगाने आणि स्पर्शानेही वेगळी ओळखू यावी.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक चापाचे सर्व भाग रायफलीतच घट्ट बसवलेले असावे लागतात आणि चाप नेमबाजाच्या हातानेच चालवला जावा लागतो. म्हणून मोबाइलशी जोडणी द्यायचीच असेल, तर ती सरावापुरती आणि फक्त नोंदी वाचण्यासाठी असावी; झडप उघडणाऱ्या परिपथाशी तिचा कोणताही संबंध नसावा.