बॅटरी काढली आणि गाडीतला टेप कोड मागू लागला
(आमच्या बॅटरी व ऑटो इलेक्ट्रिकल दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सर्वांत आधी हे सांगतो, की टेप बिघडलेला नाही.

नवी बॅटरी बसते, गाडी एका सेल्फला चालू होते, आपण खुशीत टेपचं बटण दाबता आणि गाण्याऐवजी पडद्यावर 'कोड', 'सेफ' किंवा 'लॉक' असा शब्द येतो. मग दुकानात फोन येतो, "येताना तर चालू होता, तुमच्या पोरांनी काहीतरी केलं." पोरांनी फक्त मायनसचा क्लॅम्प सोडवला. पुढचं टेपनं स्वतःच केलं, कारण त्याला तसंच बनवलं आहे.

एक काळ असा होता की गाडीची काच फोडून टेप पळवणं हा चोरांचा रोजचा धंदा होता. लोक टेपचा पुढचा भाग काढून खिशात घालून फिरायचे. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला, तो म्हणजे कोड. सेटचा वीजपुरवठा तुटला की सेट समजतो, आपल्याला डॅशबोर्डातून उपटलं. परत वीज मिळाली की तो आधी मालकाची ओळख विचारतो. बॅटरी बदलणारा आणि चोर यांतला फरक त्याला कळत नाही. बॅटरी पूर्ण उतरली किंवा टेपचा फ्यूज काढला, तरी हेच होतं. त्यामुळे महिनाभर परगावी जाऊन आलेल्यांच्या गाडीतही हा प्रकार दिसतो.

आमच्याकडे येणाऱ्या मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या बहुतेक गाड्या कोड मागत नाहीत. मागतात त्या प्रामुख्याने होंडा, फोर्ड, फोक्सवॅगन, स्कोडा आणि फियाट. त्यांतही नव्या गाड्यांचा सेट गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखतो आणि त्याच गाडीत असल्याची खात्री पटली की गप्प बसतो. होंडाच्या काही मॉडेलमध्ये पॉवर बटण दोनेक सेकंद दाबून धरलं की ही ओळख पुन्हा पटते आणि कोड घालावाच लागत नाही. आधी तेवढं करून पाहा.

कोड कुठे असतो

गाडीच्या पुस्तकाच्या पाकिटात एटीएम कार्डाएवढं एक कार्ड असतं. ते नसेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूचा स्टिकर बघा. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. लाजू नका, कार्ड त्यांच्याच कपाटात पडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

कुठेच सापडलं नाही तर सेटचा सिरीयल नंबर लागतो. अनेक होंडा गाड्यांत सेट बंद ठेवून चावी ऑन करायची, १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरायची आणि पॉवर बटण दाबायचं, की नंबर पडद्यावर येतो. बऱ्याच फोर्ड सेटवर १ आणि ६ (काहींवर २ आणि ६) दाबून धरल्यावर आकडे सरकत जातात. त्यांत व्ही किंवा एम या अक्षराने सुरू होणारा नंबर आपला. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ज्या सेटवर हे चालत नाही, तो डॅशबोर्डातून बाहेर काढून वरचं लेबल वाचावं लागतं. काही सेट दोन इंग्रजी यू आकाराच्या पट्ट्यांनी निघतात, काहींसाठी अर्धा डॅशबोर्ड उकलावा लागतो. ते काम घरी स्क्रूड्रायव्हरने करू नका. क्लिपा तुटल्या की पुढची दहा वर्षं डॅशबोर्ड खडखडतो.

सिरीयल नंबर, आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलात की ते आपल्या नोंदींतून कोड काढून देतात. फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवण्याची घोषणा २०२१ मध्ये केली असली तरी त्यांची सर्व्हिस चालू आहे. फियाटवाल्यांना जास्त हिंडावं लागतं, हे खोटं कशाला सांगू.

अंदाजाने आकडे दाबू नका

ही या पत्रकातली आमची सगळ्यांत कळकळीची विनंती. लोक १२३४ घालतात, मग ००००, मग घराचा नंबर, मग लग्नाचं साल. चार आकड्यांच्या कोडच्या दहा हजार शक्यता होतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक सेटवर दोन चुका झाल्या की तासाभराची शिक्षा असते. म्हणजे तासाला दोन प्रयत्न. सगळे आकडे तपासायला ५,००० तास, अर्थात दोनशेहून जास्त दिवस, रात्रंदिवस चावी ऑन ठेवून. तोवर आम्ही तुम्हाला आणखी काही बॅटऱ्या विकलेल्या असतील. आमचा फायदाच आहे, तरीही सांगतो, करू नका.

फियाटच्या सेटवर प्रत्येक चुकीनंतर थांबायची वेळ वाढत जाते आणि शेवटी २४ तासांवर पोचते. होंडात लागोपाठ दहा चुका झाल्या की तासभर थांबावं लागतं. फोर्डच्या काही सेटवर चुकांचा कोटा संपला की तो कायमचा कुलूपबंद होतो आणि मग तो बाहेर काढून कारागिराकडेच न्यावा लागतो.

शिक्षेचा वेळ चालू असताना सेट चालूच ठेवायचा असतो. बंद केला तर वेळ मोजला जात नाही. "परत बॅटरी काढून लावली की मोकळा होईल" हा सल्ला कोणी दिला तर मान हलवा आणि सोडून द्या.

बॅटरी बदलताना वीज तुटूच दिली नाही तर?

होतं तसं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (गाडीतला बिघाड तपासायचं यंत्र जिथे जोडतात त्या) १६ नंबरच्या पिनला थेट बॅटरीची वीज असते. तिथे छोटी १२ व्होल्टची बॅटरी जोडली की मोठी काढली तरी टेपला पत्ता लागत नाही. आम्ही हे करतो, पण प्रत्येक गाडीवर नाही. कारण मुख्य बॅटरी सुटलेली असतानाही तिचा प्लसचा क्लॅम्प जिवंतच राहतो. तो कुठे बॉडीला चिकटला की ठिणगी आणि फ्यूज दोन्ही उडतात. म्हणून क्लॅम्पवर रबरी कापड गुंडाळतो. शिवाय त्या वेळात दार उघडलं, आतला दिवा लागला, की छोट्या बॅटरीचा जीव जातो. तेव्हा काम चालू असताना कृपया मागच्या सीटवर ठेवलेली पिशवी आठवू नका.

सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून वीज देण्याचीही पद्धत आहे, मात्र अनेक गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट मरतं.

एक पद्धत आमच्याकडे सक्त मनाई आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरी काढायची. काही मिस्त्री "कोड जाऊ नये" म्हणून असं करतात. बॅटरी हा डायनॅमोच्या विजेचा लगाम आहे. तो सुटला की १४ व्होल्टच्या जागी क्षणभर कित्येक पट व्होल्टेज गाडीभर धावू शकतं. टेपचा कोड वाचवायला जाऊन इंजिनचा कॉम्प्युटर जाळायचा, हा हिशेब आम्हाला जमत नाही.

घरी स्वतः बदलणार असाल तर चावी काढा, १० नंबरच्या पान्याने आधी मायनस सोडवा, मग प्लस. लावताना उलट, मायनस शेवटी.

आमचे दोन नियम

बॉनेट उघडण्याआधी "कोड आहे का?" असं आम्ही विचारतो. नसेल तर आधी सिरीयल नंबर काढून बघतो. त्याचे पैसे घेत नाही. डॅशबोर्ड उघडावा लागला तर मजुरी आधी सांगतो. जुन्या सेटमध्ये कोड आतल्या मेमरी चिपवर लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅमर नावाचं यंत्र लावून तो वाचता येतो. ते काम होतं, पण आरसी आणि गाडी समोर असेल तरच.

नुसता टेप पिशवीत घालून आणलात तर करत नाही. ओळखीचे असलात तरी नाही, वाईट वाटून घेऊ नका. जुन्या बाजारातून स्वस्तात सेट घेणार असाल तर कोड हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

टेपशिवाय आणखी काही गोष्टी विसरल्या जातात. एका स्पर्शाने वर जाणारी काच अर्ध्यात थांबू लागली तर ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरा, ती पुन्हा शिकते. काही गाड्यांत स्टिअरिंगचा दिवा लागतो. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवलं, थोडी गाडी चालवली की बहुधा जातो, नाही गेला तर परत या. पहिले काही किलोमीटर इंजिन उभ्या जागी थोडं वरखाली झालं तर घाबरू नका.

घड्याळ मात्र तुमचं तुम्ही लावा. आमची पोरं दुकानातलं बघून लावतात, आणि ते पाच मिनिटं पुढे आहे.