जर्मनीतला आरोग्य विमा : अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स कुठला?" मी आधी त्यांचं वय विचारतो. तिशी ओलांडली नसेल, तर सार्वजनिक आरोग्य विम्यात विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दरात नाव घालता येतं. हा हक्क एका सहीने जाऊ शकतो, म्हणून आधी तेच सांगतो.

जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. तो सार्वजनिक असतो किंवा खासगी. सार्वजनिक विमा टीके, एओके, बार्मर, डीएके अशा संस्था चालवतात. त्यांना 'क्रांकेनकासे' म्हणतात. कुठलीही निवडा, उपचारांचा बहुतांश भाग कायद्याने सारखाच आहे. तुम्हाला मधुमेह किंवा दमा आहे म्हणून ती प्रवेश नाकारत नाही. खासगी कंपनी मात्र तब्येतीचे प्रश्न विचारते. तिचा हप्ता सुरुवातीला कमी दिसतो आणि तिथेच मुलं फसतात. खासगी विमा घ्यायचा तर सार्वजनिक विम्याच्या सक्तीतून सूट मागावी लागते. ही सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने महिन्याला थोडे युरो वाचवायला ही सही केली. दुसऱ्या वर्षी पाठीचं दुखणं निघालं, बिलं आधी स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली, आणि परत यायचा रस्ता बंद झालेला होता.

विद्यार्थ्याला अर्जासाठी पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, फोटो आणि जर्मनीतला पत्ता लागतो. हप्त्यासाठी बँक खात्याचा आयबॅन क्रमांक नंतर दिला तरी चालतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो, भारतात बसूनही. विमा असल्याची खबर क्रांकेनकासे विद्यापीठाला थेट संगणकावरून पाठवते. फक्त सत्र सुरू होण्याआधी पोहोचणार असाल, तर मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा घ्या. व्हिसासाठी घेतलेली ती पॉलिसी विद्यापीठाच्या नावनोंदणीला पुरत नाही.

विम्याचं कार्ड पोस्टाने येतं. इथे इमारतीत सहसा फ्लॅट नंबर नसतात. पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव वाचतो. खोली मित्राच्या नावावर असेल तर बॉक्सवर त्याच्या नावाखाली तुमच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. एवढ्याशा चिठ्ठीअभावी परत गेलेली कार्डं मी पाहिली आहेत. तोवर डॉक्टरकडे जायची वेळ आली तर क्रांकेनकासेकडून विमा असल्याचं तात्पुरतं पत्र मागून घ्या.

नोकरीवर येणाऱ्यांचं काम सोपं आहे. क्रांकेनकासे निवडायची आणि तिचं नाव कंपनीला कळवायचं. पगाराच्या 14.6 टक्के आणि त्यावर त्या संस्थेचा जादा दर अशी वर्गणी असते, ती कंपनी आणि तुम्ही निम्मी-निम्मी भरता. वर्षाचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तरच खासगी विमा निवडता येतो. 2025 साली ही मर्यादा 73,800 युरो होती, 2026 साठी ती 77,400 आहे. पुढे संसार, मुलं करायची असतील तर सार्वजनिकच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण नवरा किंवा बायको आणि मुलं त्याच वर्गणीत येतात, वेगळा हप्ता नाही. मात्र ती जर्मनीत राहत असली पाहिजेत आणि जोडीदाराची स्वतःची कमाई अगदी थोडी असली पाहिजे. यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो फक्त मराठीत असेल तर जर्मन अनुवाद करून घ्या. आपल्याकडे अजून एक घोळ होतो : दाखल्यावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. जर्मनीतले सगळे अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरा आणि नावं जुळत नसतील तर ते अर्जासोबतच लिहून कळवा.

दुखणं आलं की आधी घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं. तिथे काउंटरवर कार्ड यंत्रात घालतात, दर तिमाहीला एकदा. औषधाची चिठ्ठी 2024 पासून बहुतेक वेळा कागदावर मिळत नाही. लाल 'ए' अक्षराच्या पाटीखालच्या औषधाच्या दुकानात तेच कार्ड दिलं की औषध त्यांच्या पडद्यावर दिसतं. एका औषधामागे साधारण 5 ते 10 युरो पडतात, रुग्णालयात राहिलात तर दिवसाला 10 युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस. रात्री ताप चढला तर 116117 वर फोन करा, जिवावर बेतलं तर 112 वर.

आई-वडील मात्र या कार्डावर येत नाहीत. बाळंतपणाला आई येते तेव्हा तिच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. जुने आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, म्हणून रक्तदाब, साखर याबद्दलची अटींची ओळ विकत घेण्याआधी वाचा. तिच्या रोजच्या गोळ्या संपूर्ण मुक्कामाच्या द्या आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावं लिहून घ्या. भारतातलं ब्रँडचं नाव इथल्या दुकानदाराला कळत नाही.