६.७ डिझेल म्हणजे नक्की कुणाचं?

परवा डॅलसहून मित्राचा फोन, "अरे घ्यायला पिकअप सापडला, २०१२ चा, ६.७ डिझेल, कमिन्स!" म्हटलं फोटो टाक, तर समोर जाळीवर फोर्डचा निळा लंबगोल लोगो. म्हटलं भाऊ, हा कमिन्स नाहीये. "पण ६.७ लिहिलंय ना?" लिहिलंय बरोबर, तिथेच तर गंमत आहे.

अमेरिकेत हेवी ड्यूटी पिकअपमधे ६.७ लिटरची दोन डिझेल इंजिनं आहेत. रॅम २५००-३५०० मधे कमिन्स आणि फोर्ड एफ-२५०, एफ-३५० मधे पॉवर स्ट्रोक. लिटरचा आकडा सोडला तर दोघांत सारखं फारसं काही नाही. (शेवरले-जीएमसीचं ड्युरामॅक्स ६.६, ते आज बाजूला ठेवू.)

आपल्या पुण्याच्या माणसाला कमिन्स म्हटलं की कोथरूड आणि मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, त्यामुळे नाव घरचं वाटतं आणि माणूस तिकडेच ओढला जातो. पण कमिन्स पिकअप बनवत नाही, इंजिन बनवते. १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या (म्हणजे आजच्या रॅमच्या) पिकअपमधे त्यांचं ५.९ लिटरचं इंजिन यायला लागलं, बी सिरीज, ज्याची भावंडं आपल्याकडे जमशेदपूरला बनून टाटाच्या ट्रकमधे धावली. त्याचंच पुढे २००७ मधे ६.७ झालं. आणि मित्राचा गोंधळ अगदीच येडेपणा नव्हता, कारण फोर्डच्या मोठ्या एफ-६५० ट्रकमधे २०१५ पर्यंत खरंच कमिन्सचं ६.७ यायचं. पिकअपमधे मात्र नाही.

पॉवर स्ट्रोक हे नाव जुनं, पण हे इंजिन तसं नवीन. ७.३, ६.० आणि ६.४ ही तिन्ही नॅव्हिस्टारने फोर्डसाठी बनवलेली, ६.७ फोर्डने २०११ च्या मॉडेलपासून स्वतः बनवलं. म्हणून कुणी "पॉवर स्ट्रोकचे हेड गॅस्केट जातात" म्हणाला तर आधी विचारा कुठला, बहुतेक तो ६.० बद्दल बोलत असतो.

आता बॉनेट उघडा. कमिन्समधे सहा सिलिंडर एका ओळीत, एक हेड, सहा इंजेक्टर, १०७ मिमीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि १२४ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे लांब हाताने शेवया वळल्यासारखं काम. फोर्डचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडर व्ही आकारात दोन ओळींत, दोन हेड, आठ इंजेक्टर, आणि उलटी मांडणी, एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूला नाही तर दोन ओळींच्या मधल्या दरीत, टर्बोही तिथेच बसलेला. त्यामुळे टर्बोपर्यंतचा पाइप आखूड होतो, पण हात घालायला जागा म्हणाल तर बोंब, मोठ्या कामाला बरेच मेकॅनिक अख्खी केबिनच वर उचलतात. कमिन्सला मागचे दोन सिलिंडर काऊलखाली (समोरच्या काचेच्या पायथ्याचा पत्रा) घुसलेले असतात हे खरं, तरी मोजायला पार्ट कमी. मला स्वतःला सरळ सहाच आवडतं, हे आधीच सांगून टाकतो.

पण "ओळीतलं इंजिन म्हणजे टॉर्क खालून येतो, व्ही८ ला रेटावं लागतं" हे जे सगळे ऐकवतात ना, ते आकड्यांत दिसत नाही. २०१२ ला दोघांचाही टॉर्क ८०० पाउंड-फूट (रॅमचा ऑटोमॅटिक गिअरचा), हॉर्सपॉवर फोर्डची ४०० आणि रॅमची ३५०. आता फोर्डचं हाय आउटपुट १,२०० पाउंड-फूट देतं आणि तेही १,६०० आरपीएमला, २०२५ ची रॅम १,०७५ देते १,८०० ला. आपल्या भाषेत साधारण १,६२७ आणि १,४५७ न्यूटन मीटर, इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल ३४३ देतं, आता बोला.

जुनी घेताना फरक दुसरीकडेच पडतो. २०१२ च्या फोर्डला डीईएफ लागतं, म्हणजे आपल्याकडे ट्रकवाले ज्याला युरिया म्हणतात ते. रॅमच्या पिकअपला २०१३ पासून लागायला लागलं, आधी नव्हतं. ऐकायला फायदा वाटतो, पण त्या जुन्या रॅममधे काजळीचा त्रास जास्त म्हणून ओरड असते. उलट डिझेल पंप बघा, फोर्डमधे बॉशचा सीपी४, तो गेला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि बिल ऐकून माणूस खालीच बसतो. रॅममधे तेव्हा सीपी३ होता, दणकट. रॅमनेही २०१९ ला सीपी४ लावून बघितला आणि २०२१ ला गुपचूप सीपी३ वर परत आली, यातच काय ते समजा.

मित्राला म्हटलं काचेखालचा व्हिन नंबर वाच, म्हणजे आपला चासी नंबर, डावीकडून आठवं अक्षर. "टी." फोर्डला टी म्हणजे ६.७ डिझेल, रॅमला कमिन्स असेल तर तिथे एल असतो. आणि आता दार उघडून खांबावरचा पिवळा स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून २,१८० पाउंड. त्याला ओढायचाय १२,००० पाउंडचा फिफ्थ व्हील ट्रेलर, ज्याचं साधारण वीस टक्के वजन थेट पिकअपच्या पाठीवर बसतं, म्हणजे २,४००, वर हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), वर हा आणि वहिनी आणि कुत्रा.

बराच वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "म्हणजे रॅम घेऊ?" म्हटलं अरे, २५०० घेतलीस तरी हेच गणित आहे, एफ-३५० किंवा ३५०० बघ. आता तो मागे चार चाकं असलेली ड्युअली बघत बसलाय आणि वहिनी विचारतायत ही गॅरेजमधे कशी घालणार.