मडगाव 2027: दिगंबर कामत आणि न झालेली पोटनिवडणूक

गोव्याच्या सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च 2027 मध्ये संपते. त्याआधी निवडणूक होईल. उमेदवार कोण, युती कोणाची, हे ठरायचं तेव्हा ठरेल. मडगावपुरता प्रश्न मात्र गेली तीस वर्षं एकच आहे: दिगंबर कामतांसमोर कोण? 1994 पासून ही जागा दुसऱ्या कोणाकडे गेलेली नाही. 2005 ची पोटनिवडणूक धरली तर कामत इथून आठ वेळा जिंकले, कधी भाजपचे म्हणून, कधी काँग्रेसचे म्हणून. आज ते पुन्हा भाजपमध्ये आहेत, मंत्री आहेत आणि वयाची सत्तरी ओलांडलेले आहेत.

हे एवढं कसं जमतं, याचं पहिलं उत्तर आकड्यात आहे. 2022 मध्ये गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि जागा 40. म्हणजे एका आमदारामागे साधारण 29 हजार मतदार. महाराष्ट्रात हाच हिशेब सव्वातीन लाखांच्या वर जातो. गोव्यातला आमदार मतदाराला नावाने ओळखतो, त्याच्या घरच्या बारशाला आणि बाराव्याला हजर असतो, मुलाच्या सरकारी नोकरीसाठीही त्याच्याच दारात जावं लागतं. सात-आठ हजारांची हक्काची मतं बांधली की पक्षाच्या चिन्हाचं महत्त्व उरतं ते वरच्या भरीपुरतं. प्रतापसिंह राणे 1972 मध्ये मगो पक्षाच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) तिकिटावर सत्तरी मतदारसंघातून निवडून आले, पुढे काँग्रेसचे झाले आणि 2022 पर्यंत सलग पन्नास वर्षं आमदार राहिले. मडकईत मगोचे सुदिन ढवळीकर 1999 पासून आहेत. त्यांनी पक्ष सोडला नाही, त्यांच्या पक्षाने मात्र सोबती अनेक बदलले.

मडगावची गोष्ट याहून थोडी गुंतागुंतीची, कारण हे शहर सासष्टीत आहे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात ठामपणे उभा राहिलेला हा तालुका. ख्रिस्ती मतदार बहुसंख्य, मगो पक्षाला इथे कधी मुळं धरता आली नाहीत. तालुक्यातलं मडगाव शहर मात्र व्यापारी पेठेचं, हरिमंदिराच्या दिंडीचं, जांबावलीच्या दामोदराच्या गुलालाला सगळं गाव लोटतं त्या परंपरेचं. 1994 मध्ये गोव्यात भाजपचे पहिलेवहिले चार आमदार निवडून आले. पणजीतून मनोहर पर्रीकर, मडकईतून श्रीपाद नाईक, वाळपईतून नरहरी हळदणकर आणि मडगावातून कामत. सासष्टीत भाजपला उघडलेला तो पहिला दरवाजा होता. दामोदराच्या उत्सवात पुढे असणारा आणि ख्रिस्ती, मुसलमान वस्त्यांतही सहज वावरणारा उमेदवार त्यांना मिळाला होता. मोती डोंगरासारख्या वस्तीतला त्यांचा राबता हा विरोधकांच्या टीकेचा कायमचा विषय राहिला, आणि त्यांच्या मताधिक्याचाही एक आधार.

पर्रीकरांच्या सरकारात कामत वजनदार मंत्री होते. 2005 च्या सुरुवातीला त्यांनी आणि आणखी काही आमदारांनी राजीनामे दिले आणि ते सरकार अल्पमतात आलं. इथे राजीनामा हा शब्द महत्त्वाचा. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला ‘फूट’ म्हणून संरक्षण होतं. नव्वदच्या दशकात गोव्याने त्या पळवाटेचा यथेच्छ वापर केला. 1990 मध्ये चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री होते, यावरून कल्पना यावी. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बंद केली. त्यामुळे 2005 मध्ये मूठभर आमदारांना पक्ष बदलायचा तर आमदारकी सोडून पुन्हा लोकांपुढे जाण्यावाचून मार्ग नव्हता. जूनमध्ये पोटनिवडणूक झाली. कामत हाताच्या चिन्हावर उभे राहिले आणि निवडून आले. ज्या मडगावने कमळाला तीनदा मत दिलं, त्याच मडगावने चार महिन्यांत हा बदल मान्य केला.

2007 मध्ये मुख्यमंत्रिपदासाठी काँग्रेसमध्ये राणे आणि रवी नाईक यांच्यात ओढाताण झाली आणि तडजोड म्हणून कामतांचं नाव पुढे आलं. तडजोडीचा मुख्यमंत्री फार टिकत नाही, असा गोव्याचा अनुभव. हे मात्र विधानसभेची मुदत संपेपर्यंत खुर्चीवर राहिले. 2012 मध्ये भाजपला 21 जागा मिळाल्या, काँग्रेस नऊवर आली. त्याच वर्षी बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल आला आणि खाणी बंद पडल्या. खाण खातं दोन्ही पक्षांच्या राजवटींत मिळून अनेक वर्षं कामतांकडेच होतं, त्यामुळे टीकेचा रोख त्यांच्याकडे वळणं साहजिक होतं. पण त्यांच्या जागेला धक्का लागला नाही. मडगाव व्यापारावर जगतं, त्याच्या हद्दीत खाण नाही. शहराच्या रोजच्या तक्रारी वेगळ्या आहेत. सोनसोडोच्या कचरा डेपोतला कचरा कितीतरी वर्षं धुमसतो आहे आणि प्रत्येक निवडणुकीत त्याची आश्वासनं दिली जातात. ती पुरी न झाल्याची शिक्षा पालिकेला होते, आमदाराला होत नाही, हे मात्र मानलं पाहिजे. शहर मडगाव आणि फातोर्डा या दोन मतदारसंघांत विभागलेलं असल्याने दोष फातोर्ड्याचे आमदार विजय सरदेसाई यांच्याकडे सरकवण्याचीही सोय आहे.

2017 मध्ये काँग्रेसला 17 जागा मिळूनही सरकार पर्रीकरांनी बनवलं. पुढची गळती सर्वश्रुत आहे. जुलै 2019 मध्ये काँग्रेसकडे 15 आमदार होते, त्यातले दहा भाजपमध्ये गेले. दहा म्हणजे नेमके दोन तृतीयांश. 91 व्या दुरुस्तीने फूट बंद केली, पण दोन तृतीयांश आमदारांच्या ‘विलीनीकरणाची’ वाट मोकळी ठेवली होती, आणि आता कोणाला राजीनामा द्यावा लागला नाही. उरलेल्यांत कामत विरोधी पक्षनेते झाले. 2022 उजाडेपर्यंत काँग्रेसचे आमदार दोनच राहिले होते, कामत आणि राणे.

म्हणूनच 22 जानेवारी 2022 रोजी पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ दिली: निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. कामतही त्यात होते. मडगावात त्यांच्यासमोर भाजपने उपमुख्यमंत्री बाबू आजगावकरांना थेट पेडण्याहून आणून उभं केलं. आजगावकरांना सहा हजार मतंही मिळाली नाहीत आणि कामत साडेसात हजारांच्या वर मताधिक्याने जिंकले. राज्यात काँग्रेसला 11 जागा मिळाल्या. त्याच फेब्रुवारीत, निकाल लागण्याआधी, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2019 चं विलीनीकरण वैध ठरवलं होतं.

अकराचे दोन तृतीयांश म्हणजे किमान आठ. 14 सप्टेंबर 2022 रोजी बरोबर आठ जण भाजपमध्ये गेले, कामत त्यांत होते. शपथेचं काय, असं विचारल्यावर आपण देवळात जाऊन देवाला विचारलं आणि देवाने योग्य वाटेल ते करायला सांगितलं, असा त्यांचा खुलासा होता. त्यावर आठवडाभर विनोद झाले. मंत्रिपद मात्र लगेच आलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये, जवळपास तीन वर्षांनी, प्रमोद सावंत यांच्या मंत्रिमंडळात ते सामील झाले आणि सार्वजनिक बांधकाम खातं त्यांच्याकडे आलं. निवडणुकीच्या साधारण दीड वर्ष आधी हाती आलेलं हे खातं मडगावच्या रस्त्यांवर कसं दिसतं, हे मतदार बघतीलच.

2005 आणि 2022 मधला फरक इथे आहे. पहिल्या वेळी मडगावकरांना चार महिन्यांत कौल देता आला. दुसऱ्या वेळी कायद्याने त्यांना विचारलंच नाही. हाताला दिलेलं मत कमळाच्या बाकावर जाऊन बसलं ते मुदत संपेपर्यंत तिथेच. 2027 मध्ये कामत उभे राहिले तर 2002 नंतर प्रथमच ते कमळावर मत मागतील, आणि तेही ख्रिस्ती व मुसलमान वस्त्यांत, जिथे माणूस तोच असला तरी चिन्ह अडतं. 1994 ते 2002 या काळात ते अडलं नव्हतं, पण तेव्हाचा भाजप गोव्यात वाढू पाहणारा छोटा पक्ष होता.

अडचण पक्षाच्या आतही आहे. 2022 मध्ये आजगावकरांसाठी मडगावात फिरलेल्या कार्यकर्त्यांना दिगंबरबाबांची पत्रकं वाटावी लागतील. प्रदेशाध्यक्ष दामू नाईक शेजारच्या फातोर्ड्याचे, सरदेसाईंकडून तीनदा हरलेले. पालिकेच्या राजकारणात कामत आणि सरदेसाई कधी समोरासमोर असतात, तर कधी नगरसेवकांची वाटणी करून घेतात. नाईकांना फातोर्डा परत हवा असेल तर मडगावची यंत्रणा त्यांच्यासाठी किती राबते, याचा हिशेब उमेदवारीच्या आधीच मांडला जाईल.