आमच्या माघारी कोण? पालकांनी उभ्या केलेल्या दिव्यांग संस्थांची पार्श्वभूमी

बौद्धिक अक्षम मुलांच्या पालकांची बैठक कुठेही भरू दे, सुरुवात प्रमाणपत्र, थेरपी आणि शाळेची फी यांनी होते आणि चहा येईपर्यंत गाडी एकाच प्रश्नावर येते: आमच्या माघारी याचं कोण करणार? महाराष्ट्रातल्या दिव्यांगांसाठीच्या संस्थांचा मागोवा घेताना मला हाच प्रश्न जागोजागी भेटला. शाळा निघाल्या त्या त्याच्या पोटी, निवासी वसाहती निघाल्या त्या त्याच्या पोटी, आणि १९९९ साली संसदेने केलेला एक अख्खा कायदाही त्याच्याच पोटी. या संस्थांना आपण ‘सेवाभावी’ म्हणून मोकळे होतो. त्यातल्या बऱ्याच जणी मुळात गरजेपोटी, आणि खरं सांगायचं तर धास्तीपोटी जन्मल्या आहेत.

अगदी पहिल्या संस्था मात्र पालकांच्या नव्हेत. १८८५ च्या सुमारास मुंबईत कॅथलिक मिशनने मूकबधिरांची शाळा काढली. देशातली ती या प्रकारची पहिली मानली जाते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्या सैनिकांसाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि काही वर्षांत मुंबईहून खडकीला गेली. अनाथ, दुष्काळग्रस्त किंवा सैनिक, म्हणजे ज्यांच्यामागे घर नव्हतं किंवा ज्यांचं देणं सरकार लागत होतं, त्यांच्यासाठी ही व्यवस्था होती. ज्या मुलाला घर होतं, ते घरातच राहायचं. त्याच्याविषयी बाहेर बोललं जात नसे.

ही चौकट मोडली ती दोन-तीन घरांनी, आणि त्या प्रत्येक घरात एक मुलगी होती.

मुंबईच्या वकील या पारशी दांपत्याच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढ मंदावणारा जन्मजात गुणसूत्रदोष) होता. तिला घेईल अशी शाळाच नव्हती. १९४४ साली आईवडिलांनी अशा मुलांसाठी स्वतःच शाळा सुरू केली. शिवडीची ‘जय वकील’ ती हीच. आज ती देशातल्या या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या संस्थांपैकी एक आहे. त्या काळी अशा मुलांसाठी कायद्याच्या भाषेतही धड जागा नव्हती. १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षम यांना एकाच रांगेत बसवत होता. शाळेत घालायचं की वेड्यांच्या इस्पितळात, असा पर्याय कागदावर असताना कुणीतरी ‘शाळेत’ म्हटलं, हे आज साधं वाटतं. तेव्हा ते तसं नव्हतं.

दुसरं घर फातेमा इस्माईल यांचं. त्या स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या. लेकीला लहानपणीच पोलिओ झाला. उपचारांच्या शोधात त्या मद्रासच्या अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणींपर्यंत पोचल्या. मुलगी चालू लागली, आणि आईच्या लक्षात आलं की मद्रासपर्यंत जाणं किती जणींना परवडणार? १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय उघडलं. जागा दिली डॉ. ए. व्ही. बाळिगांनी. त्या कामातून ‘सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन’ ही संस्था आणि हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात १९५५ साली केंद्र सरकारने भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था काढली. क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी आई, मग डॉक्टर, मग सरकार. पुढच्या पन्नास वर्षांत हा क्रम फारसा बदलला नाही.

तिसरी मालिनी चिब. जन्म १९६६ चा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं. आई मिठू आलूर तिला घेऊन इंग्लंडला गेल्या, तिथे मुलीला शाळा मिळाली, आईने स्वतः विशेष शिक्षणाचा अभ्यास केला. परत आल्यावर इथे काहीच नाही म्हणून १९७२ साली मुंबईत मोजक्या मुलांना घेऊन ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली. अभिनेत्री नर्गिस तिच्या पहिल्या आश्रयदात्या. दोन वर्षांत कोलकात्यात तसंच काम सुरू झालं, मग इतर शहरांत. हीच संस्था आता ‘अडॅप्ट’ म्हणून ओळखली जाते, आणि वेगळी शाळा चालवता चालवता तिने भूमिका बदलली: मुलांना शेजारच्याच शाळेत घ्या. मालिनी पुढे लंडनमध्ये शिकल्या, त्यांनी आत्मकथन लिहिलं. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा यावं लागणार आहे.

मराठी मध्यमवर्गात ही लाट साठच्या दशकात पोचली. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोगळेकरांनी ‘कामायनी’ सुरू केली. त्यानंतरच्या वीस वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मतिमंद मुलांची शाळा’ ही पाटी दिसू लागली. (तेव्हाच्या कागदपत्रांत असेच शब्द आहेत, म्हणून इथे तसेच ठेवलेत.) यातल्या कितीतरी शाळांच्या विश्वस्तांमध्ये एखादा बाप किंवा आई असतेच. सरकारचं अनुदान आलं, तेही मुख्यतः शाळांना. मुलगा अठरा वर्षांचा झाला की शाळा संपली. मग कार्यशाळा: मेणबत्त्या, फाइली, राख्या, दिवाळीच्या पणत्या. तीही मिळाली तर. नाही तर पुन्हा घर, आणि घरात आता साठी गाठलेले आईवडील.

इथेच या इतिहासाचा दुसरा अंक सुरू होतो. शाळा काढणाऱ्या पिढीची मुलं मोठी झाली होती.

गोरे सर म्हणून ओळखले जाणारे माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने १९९० च्या आसपास मुंबई-ठाण्यातले पालक एकत्र आले आणि बदलापूरजवळ ‘आधार’ उभी राहिली. प्रौढ मतिमंदांना आयुष्यभर राहता येईल अशी ही जागा होती, आणि ती पालकांच्या संघटनेचीच होती. पुढे नाशिकलाही तिचा विस्तार झाला. मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात १९९४ साली ‘साधना व्हिलेज’ सुरू झालं. तिथे मोठ्या वॉर्डाऐवजी घरं आहेत, घरात गृहमाता आहेत, आणि राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे ‘मुलाला टाकून देणं’ वाटतं, आणि नातेवाईक ते बोलूनही दाखवतात. सत्तरीच्या आईने पन्नाशीच्या मुलाला किती वर्षं आंघोळ घालायची, याचं उत्तर त्या नातेवाइकांकडे नसतं.

कोल्हापुरात मात्र वेगळंच घडत होतं. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी अबकारी खात्यातली नोकरी सांभाळत अपंगांचं काम सुरू केलं आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावला वसतिगृह आणि शाळा, सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा प्रकल्प. इथे पालक मागे होते, पुढे स्वतः चाकाच्या खुर्चीतली माणसं. पालकांच्या आणि दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनांमध्ये जो ताण आजही जाणवतो, त्याचं मूळ इथे आहे. एकाला संरक्षण हवं असतं, दुसऱ्याला मोकळीक. दोघांचंही बरोबर असतं, हीच अडचण आहे.

आता कायद्याकडे. हा भाग रुक्ष आहे, पण पालक संघटना ज्या जोराने वाढल्या त्याचं कारण इथेच आहे.

१९८७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला आणि त्याने व्याख्येतूनच बौद्धिक अक्षमता वगळली. तत्त्व म्हणून हे योग्य होतं, कारण मतिमंदत्व म्हणजे मनोविकार नव्हे, हे सांगायला तज्ज्ञांनी कितीतरी वर्षं घालवली होती. परिणाम मात्र विचित्र झाला. १९१२ च्या जुन्या कायद्याखाली निदान पालकत्व मागायला एक दार होतं, ते बंद झालं. आईवडील हे नैसर्गिक पालक अठरा वर्षांपर्यंतच. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा कायद्याने स्वतंत्र प्रौढ, ज्याला सही करता येत नाही, बँकेत खातं उघडता येत नाही, आणि ज्याच्या वतीने सही करायचा हक्क आईलाही नाही. वारसाहक्काची जमीन असली तर आणखी गुंता.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला तेव्हा मोठा जल्लोष झाला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी त्या डिसेंबरात दिल्लीत मोर्चा काढला होता. पण नोकरीतलं तीन टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यात वाटलं गेलं. बौद्धिक अक्षमांच्या वाट्याला त्यात काही आलं नाही, आणि ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) तर कायद्यात नावही नव्हतं. त्याच वर्षी देशभरच्या पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ आकाराला आला. दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ पासून काम करत होती, तीही मेरी बरुआ या एका आईनेच सुरू केलेली. या सगळ्यांच्या रेट्यातून १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. सरकारने १०० कोटींचा निधी दिला. न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांचे प्रतिनिधी असतील, हे कायद्यातच लिहिलं गेलं. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिघांची स्थानिक स्तर समिती प्रौढ मुलासाठी कायदेशीर पालक नेमू शकते. कोर्टाची पायरी चढायला नको, वकील नको. माझ्या मते पालक चळवळीने मिळवलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि बहुतेक पालकांना ती मूल पंचवीस-तीस वर्षांचं झाल्यावर कळते.

मधल्या काळात एक घटना घडली, ती टाळून हा इतिहास सांगता येत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वादात पालक दोन्ही बाजूंना होते. काहींनी उघडपणे म्हटलं की तुम्ही एक महिना सांभाळून दाखवा. यामागे क्रूरपणापेक्षा थकवा आणि बलात्काराची भीती होती. पण गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, तो फक्त झाकला जातो. २०१० च्या सुमारास ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या वसतिगृहांमधली उपासमार आणि अत्याचार उघडकीला आले, मुंबई उच्च न्यायालयाला त्यात हात घालावा लागला, तेव्हा हे पुन्हा सिद्ध झालं. आपल्या देखरेखीतली जागा हवी, हा ‘आधार’सारख्या संस्थांमागचा हट्ट त्यामुळे अनाठायी म्हणता येत नाही.

मनोविकारांच्या बाजूला हीच वाट जरा उशिरा पडली. कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे, मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मनोविकार होता. कॅनडात कुटुंबांचे आधारगट त्यांनी पाहिले होते. १९९७ साली पुण्यात त्यांच्या प्रयत्नांतून ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ म्हणजे ‘सा’ सुरू झाली. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट तिच्याच पाठबळावर झाला. मराठी घरांत या आजाराचं नाव उच्चारलं जाऊ लागलं, त्यात त्या चित्रपटाचा वाटा मोठा आहे.

पैशाच्या बाबतीत सरकारचं डोकं कसं चालतं, याचा एक नमुना. अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी विमा काढला तर प्राप्तिकरात सवलत होती, पण अट अशी की मुलाला रक्कम मिळणार ती पालक मेल्यावरच. जिवंतपणी, निवृत्तीनंतर हातात पैसा नसताना मिळाली तर सवलत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारला फेरविचार सुचवला, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात पालकांनी साठी गाठल्यावर रक्कम सुरू करायची मुभा मिळाली. तीन ओळींच्या दुरुस्तीला इतकी वर्षं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे सातांवरून एकवीस प्रकार मान्य केले, आरक्षण चार टक्के केलं, आणि ऑटिझम व बौद्धिक अक्षमतेला त्यात जागा दिली. २०२२ साली महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. पण नव्या कायद्याने पालकत्वाचा प्रश्न वेगळ्या टोकाला नेला. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार प्रत्येक दिव्यांग व्यक्ती कायद्यापुढे इतरांइतकीच सक्षम आहे. तिच्यासाठी निर्णय घ्यायचे नसतात, तिला निर्णय घ्यायला मदत करायची असते. म्हणून नव्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आलं, एखाद्या विशिष्ट निर्णयापुरतं आणि तिच्याशी विचारविनिमय करून. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीवाचून पाडता येणार नाही, असं बजावलं होतं.

मालिनी चिब यांच्यासारख्या, स्वतःचं म्हणणं स्वतः मांडणाऱ्या माणसांना पाहिलं की हे तत्त्व पटतं. ज्याला बोलता येत नाही, जेवण भरवावं लागतं, त्या तिशीच्या मुलाची आई विचारते, विचारविनिमय म्हणजे मी नेमकं काय करू? तिलाही उत्तर हवं, आणि कायद्याने ते अजून नीट दिलेलं नाही. १९९९ आणि २०१६ हे दोन्ही कायदे आज एकाच वेळी लागू आहेत, दोघांची पालकत्वाची कल्पना जुळत नाही. ते जुळेपर्यंत पालक जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जुन्या समितीकडेच अर्ज करत राहणार, कारण बँकेत तोच कागद चालतो.