वाफ लहान होत नाही

साडेतीन इंची गेज म्हणजे दोन रुळांमध्ये फक्त ८९ मिलिमीटर. एवढ्याशा रुळांवर दहा-बारा किलोचं, खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर चालणारं चार चाकी टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या मोठ्या माणसाला आरामात ओढत नेतं. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक घरच्या लहान लेथवर अशी इंजिनं घडवत आले आहेत. साडेतीन, पाच आणि सव्वासात इंच ही तिथे रुळलेली गेजं आज इतर देशांतही चालतात.

साडेतीन इंच म्हणजे स्टँडर्ड गेजचा साधारण सोळावा भाग. इथे पहिला गैरसमज होतो. मोठ्या इंजिनाचं ड्रॉइंग घ्यायचं, प्रत्येक मापाला सोळाने भागायचं, की झालं लहान इंजिन, असं वाटतं. अशा मापांनी केलेलं इंजिन शोकेसमध्ये शोभेल, पण चालणार नाही. लांबी सोळा पट कमी झाली की पृष्ठभाग २५६ पट आणि आकारमान ४०९६ पट कमी होतं. म्हणजे बॉयलरमधल्या प्रत्येक थेंब पाण्यामागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग मोठ्या इंजिनाच्या सोळा पट असतो. पाणी मात्र तेच राहतं. साडेपाच बार दाबाची वाफ मोठ्या बॉयलरमध्ये १६२ अंश सेल्सिअसला असते, तशीच ती लहान बॉयलरमध्येही असते. कोळशाची काजळीही तेवढीच जाड, त्यामुळे मोठ्या बॉयलरची ५० मिमीची धूरनळी सोळाने भागून ३ मिमीची केली, तर ती थोड्याच वेळात बुजते. म्हणून जाणकार बाहेरचा आकार हुबेहूब ठेवतात आणि आतली रचना वाफेच्या सोयीने करतात. नळ्या कमी, पण रुंद. नळीच्या लांबीचा आणि आतल्या व्यासाचा एक जुना, अनुभवाने पक्का झालेला हिशोब आहे: व्यासाचा वर्ग करून त्याला सुमारे २.४ ने गुणलं की मिलिमीटरमध्ये योग्य लांबी मिळते. १५० मिमी नळीला आतून ८ मिमी व्यास हवा. लांबी दुप्पट केली तर ११ मिमीच्या थोडं वर.

सगळा जीव बॉयलरमध्ये आहे, म्हणून त्याच्यापाशीच जास्त थांबू. त्याची रचना मराठी घराला अनोळखी नाही. पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. इंजिनाच्या बॉयलरमध्ये तोच बंब आडवा केलेला असतो. मागे जळणाची पेटी, म्हणजे फायरबॉक्स, तिच्यातून निघालेल्या धूरनळ्या पुढच्या धूरपेटीपर्यंत गेलेल्या, आणि या सगळ्याभोवती पाणी. फरक एकच, पण जीवघेणा. बंब वरून मोकळा असतो आणि हा बंद. साडेपाच बारला तापलेलं एक लिटर पाणी अचानक मोकळं झालं, तर त्यातला जवळजवळ आठवा भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि ती वाफ सुमारे १९० लिटर जागा मागते. भारतातल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर येत नाही, त्यामुळे इथे कोणी सरकारी तपासनीस दारात येणार नाही. तपासणी आपण स्वतःच, आणि सरकारी तपासनीसापेक्षा कडक करायची.

आपल्या उदाहरणात बॉयलरचं नळकांडं ८० मिमी व्यासाचं आणि कामाचा दाब साडेपाच बार धरू. झाळताना तांबं पूर्ण मऊ पडतं, म्हणून ताकद मऊ तांब्याचीच धरायची आणि तिलाही सुरक्षेसाठी आठने भागायचं. हिशोबाने पत्रा जेमतेम १ मिमी जाड येतो. लावायचा मात्र २ मिमीचा. कारण तापल्यावर तांब्याची ताकद आणखी उतरते, आणि भोकं व झिजेसाठी हातचं राखलेलं बरं. गोल भाग दाब सहज सोसतो. खरी काळजी सपाट भिंतींची. फायरबॉक्सची ६० बाय ७० मिमीची एक भिंत म्हणजे तळहाताएवढा पत्रा, पण त्यावर सुमारे २३५ किलोंचा रेटा असतो. तो फुगू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या भिंती दर २० मिमीवर ४ मिमी जाड तांब्याच्या दांड्यांनी बांधतात. त्यांना स्टे म्हणतात. एका स्टेवर साधारण २२ किलो भार येतो. एखादा स्टे गाळला तर त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि पत्रा नेमका तिथेच पोटासारखा पुढे येतो.

तांबं फॉस्फरसने ऑक्सिजन काढून टाकलेल्या प्रतीचं मागावं. विजेच्या पट्ट्यांसाठी असलेल्या साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो. बर्नरच्या ज्योतीतला हायड्रोजन आत शिरून त्याच्याशी संयोग पावतो, धातूच्या पोटातच पाण्याची वाफ होते आणि तांबं आतून तडकतं. बाहेरून काही दिसत नाही.

बॉयलरच्या टोकांच्या पत्र्यांच्या कडा काटकोनात वळवणं हे पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. पत्रा अंधारात मंद लाल दिसेल इतका तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं. मग कडा गोल केलेल्या लोखंडी फर्म्यावर तो घट्ट धरून लाकडी मोगरीने कड थोडी थोडी मठारत न्यायची. ऐकत राहायचं. मऊ तांब्यावर घाव बद्द वाजतो. घाव टणटणू लागला आणि मोगरी उसळू लागली की तांबं कडक झालं, पुन्हा तापवायचं. एका पत्र्याला चार-पाच वेळा तापवावं लागतं. त्यात घाई केली की कोपऱ्यात सुरकुती पडते किंवा चीर जाते, आणि चिरलेला पत्रा टाकूनच द्यावा.

जोड चांदीच्या झाळीचे. साध्या कथलाच्या डागाला इथे जागा नाही, तो १८० ते २३० अंशांच्या आसपासच वितळतो. ५५ टक्के चांदी असलेली कॅडमियमविरहित झाळ ६३० ते ६६० अंशांत वाहते आणि तांबं वितळतं १०८५ ला, त्यामुळे हाताशी भरपूर अंतर असतं. जुन्या साठ्यातली कॅडमियमची झाळ फुकट मिळाली तरी नको, तिचा धूर विषारी असतो. दोन भागांमधली फट ०.०५ ते ०.१५ मिमी असावी. त्याहून जास्त असली तर झाळ मध्येच तुटते आणि कमी असली तर आत शिरत नाही. पत्र्याच्या कडेला मध्यबिंदू पंचाचे हलके टिंब उठवले की फट आपोआप राखली जाते. पहिले जोड, म्हणजे फायरबॉक्स आणि नळ्या, थोड्या जास्त तापमानाच्या ४० टक्के चांदीच्या झाळीने करावेत आणि शेवटचे ५५ टक्क्यांच्या झाळीने. म्हणजे नंतरच्या तापवण्यात आधीचे जोड सुटत नाहीत.

इथे सर्वांत जास्त फसतं ते उष्णतेच्या अपुरेपणामुळे. तांबं उष्णता इतकी पटकन पसरवतं की एका कोपऱ्यावर ज्योत धरून बसलं तर फ्लक्स (झाळ नीट वाहावी म्हणून लावलेला लेप) काळा पडतो, झाळीचे मणी होतात, आणि जोड दिसतो पण नसतो. अख्खा बॉयलर विटांच्या किंवा हलक्या उष्णतारोधक ठोकळ्यांच्या घरट्यात ठेवावा, मोठ्या प्रोपेन बर्नरने आधी सगळा तापवावा आणि मग जोडाकडे यावं. दुसरा बर्नर धरायला माणूस असेल तर उत्तमच. फ्लक्स पाण्यासारखा स्वच्छ झाला की झाळीची काडी तांब्याला टेकवायची. काडी तांब्याच्या उष्णतेने वितळायला हवी, ज्योतीने नव्हे. ती फटीतून आत खेचली जाते आणि पलीकडच्या बाजूला बारीक चकचकीत रेघ उमटते. ती रेघ सगळीकडे दिसली तरच जोड मानायचा. काम उघड्या हवेत करावं, कारण फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं.

जोड थंड होऊ द्यावा. नंतर काळा ऑक्साइड आणि काचेसारखा झालेला फ्लक्स काढण्यासाठी तो सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात बुडवावा, लिटरला १०० ग्रॅम पुरतं. लिंबाने तांब्याचं भांडं उजळतं त्यातलंच हे रसायन.

वाफेच्या आधी परीक्षा पाण्याची. बॉयलर काठोकाठ भरायचा आणि हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून जोड सुटलाच तर चार थेंब उडतात. हवा असेल तर तुकडे उडतात. हातपंपाने टप्प्याटप्प्याने कामाच्या दुप्पट, म्हणजे ११ बारपर्यंत जायचं, किमान दहा मिनिटं थांबायचं आणि सपाट भिंतींवर पट्टी लावून फुगवटा पाहायचा. सुईच्या टोकाएवढी गळती दिसली तर दाब सोडून तो जोड पुन्हा तापवायचा. ठोकून भोक बुजवायचं नाही.

खालच्या सांगाड्यात नवखे लोक अडकतात ते क्रँकच्या कोनात. उजव्या आणि डाव्या चाकाची खुंटी ९० अंशांनी पुढे-मागे असते, त्यामुळे एक सिलिंडर मृत बिंदूवर, म्हणजे पिस्टन धावेच्या टोकाला, असताना दुसरा जोरात असतो. हा कोन बरोबर ९० नसून ८९ झाला तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. पण एका आसावर ८९ आणि दुसऱ्यावर ९० असेल तर दोन्ही आसांची चाकं जोडणारे जोडदांडे प्रत्येक फेऱ्यात अडकतात. म्हणून दोन्ही आस एकाच मांडणीत बसवायचे. आस व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, डावी खुंटी गुण्याने आसाच्या बरोबर वर उभी करायची आणि उजवी खुंटी हाइट गेजने आसाच्या मध्याइतक्याच उंचीवर आणायची. चाक बसवण्यासाठी लावलेलं चिकट द्रव्य काही मिनिटांतच धरतं, तेव्हा आधी कोरडी तालीम करून घ्यावी.

सिलिंडर गनमेटलचा (एक प्रकारचं कांसं), बोअर म्हणजे आतला व्यास १८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव २७, चाक ५१ मिमी. पिस्टनला रिंग लावायची तर व्हिटॉन रबराची, कारण साधी नायट्राइल रिंग वाफेच्या तापमानाला कडक होऊन तडकते. सिलिंडरमध्ये वाफ सोडणारा सरकता व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक जाड काचेवर झीरो पेपर ठेवून घासावी. वेळ जुळवताना झाकण काढून चाकं फिरवायची आणि दोन्ही मृत बिंदूंवर वाफेचं दार केसाएवढं उघडतं का ते पाहायचं. एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी उघडत असेल तर व्हॉल्व्ह दांड्यावर सरकवावा. दोन्हीकडे सारखं पण उशिरा उघडत असेल तर व्हॉल्व्हला हलवणारी आसावरची चकती, म्हणजे एक्सेंट्रिक, फिरवावी. या दोन दुरुस्त्यांची गल्लत झाली की दिवस जातो.

या मापांनी ओढ सुमारे आठ किलो येते. पण बारा किलो वजनाची चाकं रुळांवर घसरायच्या आधी जेमतेम अडीच-तीन किलोच ओढ लावू शकतात. बॉल बेअरिंगच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला सपाटीवर किलो-सव्वा किलो ओढ पुरते. पन्नासाला एक असा चढ आला की त्यात दोन किलोंची भर पडते आणि चाकं जागेवर फिरू लागतात. कमी ताकद पडते ती पकड, सिलिंडर नव्हे. मोठे सिलिंडर बसवून काही साधत नाही.

विस्तवाला हवा ओढते ती सिलिंडरमधून सुटणारी वाफ. ती सुमारे अडीच मिमी भोकाच्या तोटीतून चिमणीत वर उडते आणि धूरपेटीतली हवा सोबत घेऊन जाते. तोटीत सरळ ड्रिल उभा करावा, तो चिमणीच्या बरोबर मध्यातून वर यायला हवा. दोन मिमीचा कल असला तरी विस्तव मरगळतो. धूरपेटीच्या दाराला फट असेल तर हवा तिथूनच आत येते, नळ्यांतून येत नाही, आणि दाब काही केल्या चढत नाही. पंप, कोळसा, व्हॉल्व्ह या सगळ्यांवर संशय घेण्याआधी दाराच्या कडेला पेटती काडी धरून पाहावं. पाण्यासाठी दोन स्वतंत्र सोयी हव्यात, आसावरचा पंप आणि हातपंप. एकच असेल तर एक दिवस फायरबॉक्सच्या छतावरचं पाणी संपून ते उघडं पडतं.

पहिल्या दिवशी पातळी दाखवणारी काच पाऊण भरेल इतकं पाणी घालायचं. केरोसीनमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा पेटवायचा, चिमणीवर विजेचा लहान पंखा बसवायचा, आणि दीड-दोन बार दाब झाला की पंखा काढून बॉयलरचाच ब्लोअर (चिमणीत वाफेचा झोत सोडणारी नळी) सुरू करायचा. मग शेंगदाण्याएवढा दगडी कोळसा, एका वेळी थोडा. भर विस्तवातही सेफ्टी व्हॉल्व्हने दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांवर जाऊ देता कामा नये. जाऊ दिला तर विस्तव काढून व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद. सुरुवातीला थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी दबत नसल्यामुळे जोर लावला तर पिस्टनदांडा वाकतो. ड्रेन, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी सोडायचे नळ, उघडे ठेवून इंजिन हाताने पुढे-मागे ढकलायचं. चिमणीतून आधी गरम पाण्याचे आणि तेलाचे शिंतोडे उडतात, मग ओली फुसफूस ऐकू येते. चार-पाच फेऱ्यांनंतर ती कोरडी होऊन चाकाच्या एका फेऱ्यातले चारही ठोके सुटे ऐकू आले, की ड्रेन बंद करायचे.